कॉलरच्या आतली खूण

माझ्या वडिलांना सरकारनं पंचगंगेत बुडवलं आणि नऊ वर्षांनी आईनं त्यांना बाहेर काढलं. दोन्ही गोष्टी कागदावर घडल्या. पण नुसता कागद तो, असं मला कुणी म्हणू नये. तो कागद आमच्या घरावर नऊ वर्षं बसून होता आणि त्यातलं एक वाक्य माझ्या तोंडचं होतं.

आमचं घर परटाचं. गंगावेशीकडून घाटाला उतरणाऱ्या रस्त्यावर आमच्या लाँड्रीचा गाळा होता. पुढं इस्त्रीचं टेबल, मध्ये पडदा, पडद्यामागं आम्ही तिघं. वडील इस्त्री करायचे. आई कपडे धुवायची, खळ घालायची आणि खुणा करायची. खुणा म्हणजे बिब्ब्याच्या रसानं कॉलरच्या आत किंवा पॅन्टच्या पट्ट्याला काढलेली बारीक चिन्हं. ती कितीही धुतली तरी जात नाहीत. आधी आमच्या दुकानाची खूण, एक उभी रेघ आणि पायथ्याशी टिंब. तिच्या पुढं गिऱ्हाइकाची. आईला अक्षर येत नव्हतं, पण चारशे गिऱ्हाइकांच्या खुणा तिला पाठ होत्या, आणि त्या तिनंच बसवलेल्या होत्या. तीन टिंबं म्हणजे तालमीमागची गल्ली. टिंबांना शेपटी काढली की माडीवरचा भाडेकरू. खाली उलटा चंद्र असला की हा माणूस खळ नको म्हणतो. बिब्ब्यानं तिच्या बोटांची कातडी सोलून निघायची, तरी हे काम तिनं कुणाला दिलं नाही.

वडील देखणे होते आणि ते त्यांना माहीत होतं. स्वतःचे कपडे म्हणजे पट्ट्यापट्ट्यांचे दोन पायजमे आणि बाह्यांचे बनियन. कुठं लग्नकार्याला जायचं झालं की मात्र गिऱ्हाइकाचा एखादा कडक शर्ट अंगावर चढायचा. परटाच्या घरात हे चालतंच, आम्ही त्याला चोरी म्हणत नाही, हवा देणं म्हणतो. हे सगळं घडलं त्या वर्षी त्यांनी एका डॉक्टरांच्या शर्टाला मुरगूडच्या लग्नात हवा दिली आणि नेमके डॉक्टरच त्या पंगतीत शेजारी येऊन बसले. डॉक्टर हसले म्हणे. आई हसली नाही.

त्यावरून झालेल्या भांडणाची सकाळ मला स्वच्छ आठवते. जुलै होता, नदीला पूर आला होता आणि मी सातवीत होते. आईनं खळीचं पातेलं आपटलं. "गिऱ्हाइकाला कळलं तर दुकानाचं नाव ऱ्हाईल काय ओ? लाज न्हाय वाटत?" वडील म्हणाले, "अगं, डॉक्टरच म्हणाला की तुला शोभतोय!" दोघांचाही आवाज रस्त्यापलीकडं जात होता, पण आमच्याकडं मीठ मागायचं झालं तरी आवाज रस्त्यापलीकडंच जातो. मग वडिलांनी इस्त्रीतला कोळसा संपल्याचं बघितलं, "वखारीत सांगून येतो," म्हणाले आणि पायजमा-बनियनवर बाहेर पडले. वखारीत ते पोचलेच नाहीत. त्यानंतर त्यांना आम्ही कुणी पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी थोरल्या काकांनी ठाण्यात तक्रार दिली. काकांनी परटाचा धंदा तरुणपणीच सोडला होता, ते उद्यमनगरात लेथवर काम करायचे. बायकांनी ठाण्याची पायरी चढायची नाही असं त्यांचं मत, म्हणून आईला त्यांनी घरीच ठेवलं. तिसऱ्या दिवशी ठाण्यातून निरोप आला. तक्रार दिली त्याच दिवशी संध्याकाळी घाटाच्या वरच्या पायरीवर एक शर्ट आणि पॅन्ट घडी करून ठेवलेली सापडली होती. माणूस नाही. खाली पुराचं पाणी. पोलिसांनी शर्टाची कॉलर उलटी करून काकांना दाखवली. काकांनी उभी रेघ आणि टिंब ओळखलं. "आमच्याच दुकानाची खूण," असं म्हणून ते तिथंच रडायला लागले आणि पुढं केलेल्या कागदावर त्यांनी सही केली.

मग चौकशीला एक हवालदार घरी आले. आई पडद्यामागं होती, काका बोलत होते. हवालदारांनी माझ्याकडं बघून अगदी प्रेमानं विचारलं, "बाळ, आईबाबांचं भांडण झालं होतं का?"

खरं बोलायचं असं मला शाळेत शिकवलं होतं. मी म्हणाले, "हो. मोठं झालं होतं."

कागदावर ते असं उतरलं: सदर इसम घरगुती कलहास कंटाळून, नदीस आलेल्या पुराच्या पाण्यात उडी घेऊन मयत झाला असावा. प्रेत मिळून आले नाही. कपडे नातेवाइकांनी ओळखले. तपास बंद.

घरगुती कलह म्हणजे आई, हे गल्लीला कुणी समजावून सांगावं लागलं नाही. बायकोच्या तोंडाला कंटाळून परीट नदीत गेला, असं लोक आमच्याच टेबलावर कपडे ठेवता ठेवता बोलायचे. चुलती कुंकू पुसायला आली तेव्हा आईनं तिचा हात धरला. "कापडं मला दावा. मी बघितल्याबिगर काय बी पुसणार न्हाय." लोकांनी याला निर्लज्जपणा म्हटलं. मीही मनातून तेच म्हणत होते, हे आज लिहिताना लाज वाटते. वडील मेले आणि आईनं मारले, असं मला वाटायचं. त्याहून वाईट म्हणजे, ते सरकारला सांगणारी मी, हे मला माहीत होतं. आईनं त्यावरून मला एका शब्दानं कधी छेडलं नाही. तिनं छेडलं असतं तर बरं झालं असतं.

ती ठाण्यात जायला लागली. काकांचं मत तिनं गुंडाळून ठेवलं. तिचं म्हणणं सरळ होतं. "आमच्या मालकांनी जन्मात पॅन्ट घातली न्हाय. जाताना पायजमा हुता अंगात." ठाण्यातली मंडळी हसायची. "मावशी, परीट गिऱ्हाइकाची कापडं घालतो हे साऱ्या कोल्हापूरला ठावं हाय. वाटंत बदलली असतील की." डॉक्टरांच्या शर्टाची गोष्ट ठाण्यापर्यंत पोचली होती. मग ती म्हणायची, "बरं, गिऱ्हाइकाची तर गिऱ्हाइकाची. कुठल्या गिऱ्हाइकाची? कॉलर दावा, मी सांगते." त्यावर मुद्देमाल सीलबंद आहे, साहेब रजेवर आहेत, साहेबांची बदली झाली, नवे साहेब बंदोबस्तावर आहेत. दर दोन-तीन महिन्यांनी ती जायची आणि ह्यातलं एखादं कारण घेऊन परत यायची. आल्यावर इस्त्री तापवायची. वडिलांचं टेबल आता तीच चालवत होती.

मी बारावी झाले, बी.ए. झाले. अर्ज मी लिहायला लागले. माझं अक्षर चांगलं होतं आणि भाषा त्याहून कडक. पण माझ्या एकाही अर्जानं काही हललं नाही. हललं ते ठाण्याच्याच सोयीनं. एक दिवस छापील पत्र आलं, की जुन्या प्रकरणांतला मुद्देमाल निकाली काढायचा असून नातेवाइकांनी आठ दिवसांत कपडे घेऊन जावेत, अन्यथा ते नष्ट करण्यात येतील. नऊ वर्षं आम्ही जे मागत होतो ते जाळायला निघाल्यावर त्यांनी आम्हाला बोलावलं. मी चिडले. आई म्हणाली, "चिडतीस कशापायी? पदर खोच आणि चल."

ठाण्याच्या मागच्या खोलीत मुद्देमालाच्या कारकुनानं एक मळकी पिशवी टेबलावर ठेवली. आत फिकट निळा शर्ट आणि राखी पॅन्ट. कपड्यांना ओल लागून पिवळे डाग पडले होते. मला ते बघवेना. मला वाटलं, आता आई कोसळणार. आईनं शर्ट झटकला, गिऱ्हाइकाचा झटकावा तसा, कॉलर उलटी केली आणि खिडकीच्या उजेडाकडं धरली. मग ती मोठ्यांदा हसली. ठाण्यातले दोघंतिघं वळून बघायला लागले.

"तीन टिंबं. शेपटी. उलटा चंद्र." ती माझ्याकडं वळली. "अगं, हे तालमीमागचं मास्तर! माडीवरचं! खळ नको म्हणायचं बघ, मान खाजती म्हणून!" मग कारकुनाकडं. "सायेब, परटाच्या सोताच्या कापडाला खूण नसती. आपली कापडं आपल्याच घरात, ती कुणात मिसळायची हायती? खूण हाय म्हंजी ते गिऱ्हाइकाचं. आमच्या भावजींनी दुकानाची खूण बघितली आन् माणूस ओळखला. पुढची खूण बघितलीच न्हाय."

काकांना धंदा सोडून वीस वर्षं झाली होती. त्यांना घरची खूण आठवत होती, पुढची वाचता येत नव्हती. एवढ्यावर माझे वडील मेले होते.

कारकुनानं आत जाऊन फौजदारांना बोलावलं. हे नवे होते, तरुण आणि सभ्य. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि जुनंच उत्तर दिलं, फक्त नीट शब्दांत. "बाई, हे कपडे त्या शिक्षकांचे होते एवढंच यातून ठरतं. ते अंगात कुणाच्या होते हे ठरत नाही."

"ठरवून आणते," आई म्हणाली. पावतीवर अंगठा उठवून तिनं पिशवी काखेत मारली.

मास्तर पुराच्याच वर्षी खोली सोडून गेले होते. तालमीमागच्या घरमालकानं सांगितलं की ते आधी पन्हाळ्याच्या बाजूला होते, आता कुरुंदवाडला एका शाळेत मुख्याध्यापक आहेत. रविवार जाऊ दिला आणि सोमवारी आम्ही एसटीनं कुरुंदवाडला गेलो. वाटेत आईनं मला बजावलं, "पिशवी उघडायची न्हाय. आधी त्येला बोलू दे."

मास्तरांना आता पोट सुटलं होतं आणि टक्कल पडायला लागलं होतं. त्यांनी आईला ओळखलं, उभे राहिले, चहा सांगितला. "वहिनी, भाऊंचं कळलं होतं मला तेव्हा. फार वाईट वाटलं." आईनं बशी बाजूला सारली आणि विचारलं, "मास्तर, त्या पुरात तुमची कापडं हरवली हुती काय?"

मास्तरांचा चेहरा बघण्यासारखा झाला. त्यांनी उठून खोलीचं दार लोटलं.

कोल्हापूरचा पूर ज्यांनी पाहिला आहे त्यांना हे सांगायला नको. पाणी चढलं की घाटाकडं गर्दी होते, पट्टीचे पोहणारे वरच्या अंगाला उडी घेतात आणि धारेबरोबर जाऊन पुलाच्या पलीकडं लांब कुठंतरी काठाला लागतात. कपडे पायरीवर ठेवायचे आणि काठानं चालत परत यायचं, ही रीतच आहे. मास्तर त्यांतले. पण ते महिन्यापूर्वीच नोकरीला लागले होते आणि त्याच सकाळी त्यांनी वर्गात पोरांना दम दिला होता, पुराच्या पाण्याजवळ कुणी दिसला तर तंगडं मोडीन. संध्याकाळी त्यांना राहवेना. त्यांनी उडी घेतली, धार जोरात होती, ते नेहमीपेक्षा बरेच खाली निघाले आणि तासाभरानं परत आले तर कपडे गायब.

"चड्डीवर घरी गेलो, वहिनी," ते म्हणाले. "गल्लीबोळातून, मान खाली घालून. वाटलं, चोरानं नेले. बोंब मारायची तर कुणाजवळ? शाळेत कळलं असतं तर पोरांनी मला जगू दिलं नसतं."

"कसली हुती?"

"निळा शर्ट. राखी पॅन्ट. शर्टाचं तिसरं बटण पांढरं नव्हतं, काळं होतं. मीच लावलेलं. तेव्हा एकटा होतो ना."

आईनं मला खूण केली. मी पिशवी उघडली, शर्ट टेबलावर पसरला. तिसरं बटण काळं होतं.

मास्तर शर्टाकडं बघून आधी हसले. मग आईनं त्यांना सांगितलं की ह्याच शर्टावरून तिचा नवरा बुडाला आणि त्याला तिनं बुडवला असं ठरलं होतं. त्यांचं हसू गेलं. मग म्हणाले की आता ते मुख्याध्यापक आहेत, नऊ वर्षांनी पोलीस ठाण्यात जबाब द्यायचा म्हणजे लोक काय म्हणतील, वर साहेब काय म्हणतील, जरा विचार करून कळवतो. मी उसळून बोलणार होते. आईनं माझं मनगट दाबलं.

"मास्तर," ती म्हणाली, "तुमाला लोक काय म्हणतील? पोहून आलं म्हणतील. मला नऊ वरसं काय म्हणत्यात ते तुमी ऐकलं न्हाय. चार दीस हसत्याल तुमाला. एवढं सोसा माझ्यासाठी."

ते बुधवारी आले. स्वतःच्या अक्षरात, शुद्धलेखनाची एकही चूक न करता, दोन पानी जबाब त्यांनी लिहिला, उडीसकट आणि चड्डीसकट. फौजदारांनी तो वाचताना ओठ दाबून धरले होते. शेवटी त्यांनाही हसू आवरेना आणि मास्तरही हसायला लागले. त्यांनी जाताना आईला वाकून नमस्कार केला. मला ते फार बरं वाटलं.

कागद व्हायला आणखी तीन आठवडे गेले. आम्हाला बोलावलं तेव्हा आईनं काकांनाही बरोबर घेतलं. काका येत नव्हते. "मी सही केली, मीच तुझं वाटोळं केलं," म्हणत होते. आई म्हणाली, "म्हणून तर चला. तिथंच पुसायचं हाय." फौजदारांनी नवा अहवाल पुढं केला. आईनं तो न बघता माझ्याकडं सरकवला. "कलह काढला काय बघ."

मी वाचलं. पूर्वीचा निष्कर्ष चुकीच्या ओळखीवर आधारित असल्याने रद्द करण्यात येत आहे. मयत झाल्याबाबत कोणताही पुरावा नाही. घरगुती कलहाबाबतचा मजकूर वगळण्यात येत आहे.

"काढला," मी म्हणाले.

"परत वाच. मोठ्यांदा वाच, भावजींना ऐकू जाऊ दे."

मी परत वाचलं, रस्त्यापलीकडं जाईल अशा आवाजात. बाहेरच्या बाकावरचे लोकही आत डोकावून ऐकायला लागले. 'वगळण्यात येत आहे' ह्या शब्दांवर माझा आवाज फुटला आणि मी हमसून रडायला लागले. सातवीतल्या पोरीनं जे बोलून ठेवलं होतं ते सरकारनं मागं घेतलं होतं. आई माझ्या पाठीवरून हात फिरवत होती आणि दुसऱ्या हातानं काकांना पाण्याचा पेला देत होती. ती एकटीच रडत नव्हती. तिची मान अशी ताठ होती की मला वाटलं, ही बाई आज सगळ्या ठाण्याला इस्त्री करून जाईल.

फौजदार जपून म्हणाले, "मावशी, एक सांगतो. यानं ते सापडले असं होत नाही. कुठं असतील, असतील की नाही, आम्हाला काहीच माहीत नाही."

"मला बी न्हाय," आई म्हणाली. "पर मेला म्हणून तुमी हुडकत नव्हता. आता जित्याला हुडका."

त्यांनी मान हलवली, नवा छापील फॉर्म ओढला आणि जुनी तक्रार शेजारी ठेवून एकेक रकाना भरायला लागले. उंची, बांधा, रंग. अंगावरचे कपडे, ह्या वेळी आईला विचारून, पट्ट्यापट्ट्यांचा पायजमा. वय लिहिताना त्यांनी जुन्या कागदावर बोट ठेवलं आणि पुटपुटले, "एक्केचाळीस."

आई टेबलावर वाकली. तिला अक्षर येत नव्हतं, पण ऐकायला चांगलं येत होतं.

"एक्केचाळीस कसं? नऊ वरसं झाली की. पन्नास लिवा. आन् केस पांढरं झालं असत्याल, त्ये बी लिवा."

फौजदारांनी एक्केचाळीस खोडलं आणि पन्नास लिहिलं.